जीपच्या पोटाखालचं ऑईल

जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्याला इंजिन ऑईलबद्दल काही सांगावं लागत नाही. डिपस्टिक ओढायची, दोन बोटांत ऑईल चोळून बघायचं, काळं पडलं की बदलायचं, हे त्याला पाठ असतं. अडतं ते खालच्या ऑईलपाशी. "तिथे ना डिझेल जळतं, ना धूर होतो. गळतही नाही. मग बदलायचं कशाला?" हा प्रश्न प्रत्येक गॅरेजात कुणी ना कुणी विचारतोच, आणि तो रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर गावागणिक बदलतं. शहरातल्या डांबरी रस्त्यावर गिअर ऑईल किलोमीटरने खराब होतं. भोकरदन तालुक्यात, केळणा, गिरजा आणि पूर्णेच्या खोऱ्यात, त्याची वाट बहुतेक वेळा पाणी लावतं.

उदाहरणाला आपण जुनी महिंद्रा जीप घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप भारतात जोडायला घेतली आणि तिची मूळ मांडणी थोड्याफार फरकाने पुढे कित्येक दशकं चालत राहिली. एमएम ५४० त्याच घराण्यातली. मारुती जिप्सीची किंवा २०१० साली आलेल्या पहिल्या थारची रचना तपशिलात वेगळी असली, तरी खाली झोपून पाहिलं तर चित्र साधारण तेच दिसतं.

१. कुठे कुठे ऑईल असतं?

इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स. त्याला चिकटून ट्रान्सफर केस, म्हणजे फोर बाय फोरचा जादा दांडा ज्या पेटीत शिरतो ती. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. दोन्ही शाफ्ट आपापल्या ॲक्सलवरच्या फुगीर गोळ्यात शिरतात. या गोळ्याला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात आणि गॅरेजात क्राऊन. म्हणजे ऑईलच्या जागा एकूण चार: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, मागचा क्राऊन, पुढचा क्राऊन. साध्या टू-व्हील गाडीत यांपैकी दोनच असतात. त्यामुळे फोर बाय फोरचा पुढचा क्राऊन वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या चारही जागांत जुन्या जीपमध्ये पंप नसतो, फिल्टर नसतो, डिपस्टिकही नसते. खालचा गिअर ऑईलच्या डबक्यात बुडून फिरतो आणि तेच ऑईल वर उडवतो. एवढीच व्यवस्था. फिल्टर नाही, त्यामुळे झिजून सुटलेला धातूचा प्रत्येक कण तिथेच फिरत राहतो आणि आणखी झीज करतो. तो बाहेर यायची वाट एकच, खालचा नट.

क्राऊन करतो काय? एक हिशोब करू. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. गाडी अर्धं वर्तुळ वळली की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा ३.१४ गुणिले १.२५, म्हणजे जवळपास चार मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती, तर दर वळणावर टायर तरी फरपटला असता नाहीतर ॲक्सल तरी पिळला असता. हा फरक क्राऊनमधले छोटे गिअर आपसांत वाटून घेतात. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मात्र पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये असा फरक वाटणारं काही नसतं. म्हणून राजूर-जालना डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून गाडी पळवू नये. वळणावर पीळ बसतो, दांडा अडकतो, ऑईल विनाकारण तापतं. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि तो पीळ सुटत राहतो.

२. काही जळत नसताना ऑईल खराब कसं होतं?

पोळी लाटताना लाटणं पिठावरून फिरतं, घासत नाही. चटणी वाटताना मात्र वरवंटा पाट्यावर दाबून ओढावा लागतो. गोळ्यात शिरणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, आणि तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो तो क्राऊन; त्याच्यावरूनच सगळ्या गोळ्याला क्राऊन म्हणतात. या दोघांचे दात तिरके, वक्र कापलेले असतात आणि पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा थोडा खाली बसवलेला असतो. त्यामुळे हे दात लाटण्यासारखे फिरतातही आणि वरवंट्यासारखे ओढलेही जातात, तेही गाडीचं सगळं ओझं अंगावर घेऊन. अशा रगड्यात साध्या तेलाचा पापुद्रा फाटतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं.

ते टाळण्यासाठी गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. दात जिथे फार दाबला जातो आणि तापतो, तिथे ही रसायनं धातूच्या पृष्ठभागावर एक बारीकसा थर तयार करतात. हा थर घासला जातो आणि दातांऐवजी तोच झिजतो. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास याच गंधकाचा. पण ही रसायनं खर्ची पडतात, वारंवार तापून मूळ तेलही बिघडतं, आणि फिल्टर नसल्यामुळे चुरा साठत जातो. यात जळण्याचा संबंधच नाही.

३. पाणी

जून ते सप्टेंबर इथल्या गाडीची गाठ शेतरस्ता, नाला आणि कमी उंचीचा पूल यांच्याशी असते. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची पोचवायची असेल, तर नाला ओसरायची वाट किती पाहणार? (पूल बुडून पाणी वरून वाहत असेल, तर मात्र वाटच पाहावी. फोर बाय फोर आहे म्हणून वाहतं पाणी सूट देत नाही.)

समजा जीप भरल्या ओझ्याने बरंच अंतर चालून आली आहे आणि मागच्या क्राऊनचं घर ८० अंशांपर्यंत तापलं आहे. ते तापलेलं घर एकदम नाल्याच्या गार पाण्यात बुडालं. आतली हवा ८० वरून ३० अंशांवर आली की सुमारे एक सप्तमांश आकसते. आत दोन लिटर हवा असेल, तर पाव लिटरहून जास्त जागा रिकामी होते. ती भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणारच.

हवा आत-बाहेर व्हावी म्हणून ॲक्सलवर एक छोटी टोपी किंवा नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. तो मोकळा असून पाण्याच्या वर असला, तर हवा आत जाते आणि काही बिघडत नाही. पण ब्रीदर काळ्या चिखलाने लिंपलेला असला, किंवा कुंभारमाशीने त्यात घर केलेलं असलं, तर ओढ पडते ती शाफ्टच्या रबरी सीलवर. सीलची रचना आतलं ऑईल बाहेर जाऊ न देण्यासाठी केलेली असते. बाहेरचं पाणी आत येताना ती तितकी अडवत नाही. ब्रीदर नुसता पाण्याखाली गेला, तर पाणी सरळ त्यातूनच शिरतं.

आत गेलेलं पाणी गिअरांनी घुसळलं जातं आणि ऑईल दुधाळ होतं. मग ऑईलचा थर नीट टिकत नाही, आणि गाडी उभी राहिली की बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो. गंजाचा एक ठिपका पुरतो. तिथून बेअरिंग खवलायला लागतं आणि काही महिन्यांनी क्राऊन ओरडायला लागतो. तोवर नाला कुणाच्या लक्षातही नसतो.

याला स्वस्तातला उपाय आहे. ब्रीदरची टोपी काढून त्या जागी नळी बसवायची आणि ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधायची. जुन्या जीपवर करण्याजोगा यापेक्षा फायद्याचा बदल माझ्या तरी माहितीत नाही. मोठे टायर आणि छतावरचे दिवे नंतर घेता येतील.

४. डब्यावरचे आकडे

दुकानदार विचारतो, "नव्वद देऊ का?" हा ९० म्हणजे ऑईलचा घट्टपणा. इंजिन ऑईल ४० नंबरचं असतं, म्हणून ९० त्याच्या दुप्पट घट्ट असेल असं वाटतं. तसं नाही. गिअर ऑईलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑईल तापल्यावर ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच घट्ट असतं. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. मराठवाड्याच्या हवेत त्याचा फार विचार करायचं कारण नाही.

जास्त महत्त्वाची असतात शेजारची अक्षरं, जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ मध्ये मघाशी सांगितलेली गंधकाची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. क्राऊन-पिनियनला तीच हवी असतात. पण गिअरबॉक्समध्ये गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात आणि जास्त गंधक पितळेला नेहमीच मानवतं असं नाही. म्हणून बऱ्याच कंपन्या गिअरबॉक्सला जीएल-४ आणि क्राऊनला जीएल-५ सांगतात. "वरचा नंबर म्हणजे भारी माल" हा हिशोब इथे लागू पडत नाही. चेन असलेल्या अनेक नव्या ट्रान्सफर केसमध्ये तर गिअर ऑईलच चालत नाही, तिथे पातळ लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल लागतं. शेवटचा शब्द तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा.

विलीजच्या मूळ मांडणीत गिअरबॉक्सला सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफर केसला १.६ लिटर आणि दोन्ही क्राऊनना प्रत्येकी १.२ लिटर ऑईल लागतं. म्हणजे वरच्या दोन पेट्यांना मिळून ३ लिटर आणि क्राऊनना २.४ लिटर. दोन्ही प्रकारचं थोडं जादा घ्या, काही सांडतंच. या मांडणीत आणखी एक खुबी आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधल्या भिंतीला भोकं असतात, त्यामुळे ऑईल एकातून दुसऱ्यात जातं. म्हणून या दोघांचं ऑईल एकाच वेळी आणि एकाच प्रकारचं बदलायचं. एक बदलून दुसरं तसंच ठेवलं, तर नवं ऑईल जुन्यात मिसळून जातं.

५. आधी वरचा नट

प्रत्येक पेटीला दोन नट असतात. तळाचा ड्रेन नट आणि बाजूला वर असलेला भरायचा नट. आधी वरचा नट उघडायचा, मगच खालच्याला हात लावायचा. हा क्रम चुकवू नका.

कारण उघड आहे. खालचा नट उघडून ऑईल सोडून दिलं आणि मग वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागी खिळली. ऑईलशिवाय ती गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. वरचा आधी उघडून पाहिला आणि तो नाहीच उघडला, तर काही बिघडलेलं नसतं. जुनं ऑईल आत आहे, गाडी चालवत मेकॅनिककडे न्या.

बसलेला नट उघडण्याची घाई नको. आधी तारेच्या ब्रशने चिखल आणि गंज काढा. चौकोनी खाचेचा नट असेल, तर खाच खिळ्याने कोरून स्वच्छ करा, कारण खाचेत माती असली की पाना पुरता बसत नाही आणि कोपरे झडतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी नटाच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार ठोके द्या, मग नेमक्या मापाचा गोटी पाना लावा. पाईप पान्याने झटे घेत बसलात, तर नट गोल होईल आणि पुढचा खर्च वेल्डिंगवाल्याकडे होईल.

६. गाडी कुठे आणि कशी उभी करायची

सपाट सिमेंटचा ओटा हवा. काळ्या मातीवर हे काम करू नका. कोरडी असताना ती भेगाळलेली आणि उंचसखल असते, ओली झाली की जॅक रुततो. जुनी जीप मुळात उंच असते. सडपातळ माणूस जॅक न लावताही खाली सरकू शकतो आणि तेच सगळ्यांत बरं. गाडी सपाट राहते, त्यामुळे ऑईलची पातळीही बरोबर कळते. उचलावीच लागली तर चारही बाजूंनी सारखी उचला आणि लोखंडी घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

हँडब्रेकचा इथे एक धोका आहे. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एकच चाक उचललं की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. शाफ्ट धरलेला असतो, पण क्राऊनमधून उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडीला जाऊ देतं. म्हणून चाकांच्या पुढे-मागे मोठे दगड लावल्याशिवाय कामाला लागू नका.

ऑईल सोडण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून या. कोमट ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. फार तापलेलं नको, हात भाजतो. नट सुटला की पहिला झोत जाड आणि सरळ पडतो, मग बारीक होत होत भोकाच्या कडेला चिकटून घराच्या पोटावरून मागे पसरतो. भांडं रुंद घ्या. काही ॲक्सलना ड्रेन नट नसतो. तिथे मागचं झाकण उघडावं लागतं, किंवा वरच्या भोकातून नळी घालून ऑईल ओढून घ्यावं लागतं. झाकण उघडलं तर पॅकिंग नवं टाका.

७. निघालेलं ऑईल पाहणं

गॅरेजात दिलेल्या गाडीचं निघालेलं ऑईल आपल्याला सहसा बघायला मिळत नाही. घरी काम करण्याचा खरा फायदा पैशांचा कमी आणि या पाहण्याचा जास्त.

ड्रेन नटाला लोहचुंबक असेल, तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसेल. तो दोन बोटांत चोळा. खरखर लागली नाही तर ती रोजची झीज आहे, काळजी नको. नखाने उचलता येईल असा धारदार तुकडा मिळाला, तर तो कुठल्या तरी दाताचा किंवा बेअरिंगचा आहे. गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये सोनेरी चमक दिसली, तर पितळेच्या रिंगा झिजताहेत. त्यांना चुंबक पकडत नाही, म्हणून ऑईल उन्हात धरून पाहा. जळका वास म्हणजे गाडी कधीतरी ऑईल कमी असताना ओढली गेली आहे.

दुधाळ रंग म्हणजे पाणी. शंका असेल तर जुन्या, टाकाऊ पत्र्याचा तुकडा मोकळ्या जागी चांगला तापवा आणि वर ऑईलचा एकच थेंब सोडा, तोंड लांब ठेवून. पाणी असेल तर थेंब तडतडतो. अशा वेळी नवं ऑईल भरून थोडे दिवस गाडी चालवा आणि तेही सोडून द्या, कारण पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही. आत डिझेल घालून धुण्याची पद्धत बरीच चालते. मला ती पटत नाही. डिझेल कोपऱ्यांत उरतं आणि नवं ऑईल पातळ करतं.

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांजवळचे बंद गोळेही पाहून घ्या. त्यांचं वंगण वेगळं असतं. तिथून पातळ ऑईल पाझरत असेल, तर पुढच्या क्राऊनचं सील आतल्या बाजूने गेलं आहे आणि क्राऊन गुपचूप रिकामा होतो आहे.

८. भरणं

ड्रेन नट पुसून बसवा. तांब्याचा वायसर असेल तर नवा घाला. जुन्या जीपचे बरेच नट निमुळत्या आट्यांचे असतात. ते पाचरीगत बसतात, म्हणून अंगातलं सगळं बळ लावून आवळू नका, घराला तडा जाऊ शकतो.

गाडीखाली डबा उपडा करायला जागा नसते. मोठ्या नरसाळ्याला दीड-दोन मीटर पारदर्शक नळी जोडा, तिचं टोक वरच्या भोकात घाला आणि नरसाळं वर धरायला कुणाला तरी उभं करा. ऑईलचा डबा आधी तासभर उन्हात ठेवला तर धार पटकन उतरते. एप्रिल-मे मध्ये भोकरदनच्या उन्हाला तेवढाही वेळ लागत नाही.

किती भरायचं? भोकातून ऑईल बाहेर ओघळेपर्यंत. भरायचा नट हाच पातळीचा नट असतो. ओघळ थांबू द्या, मग नट लावा. जास्त भरलं तर सीलमधून झिरपतं आणि कधी थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. प्रोपेलर शाफ्टवरच्या हँडब्रेक ड्रममध्ये गेलं, तर चढावर गाडी उभीच राहत नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये ये-जा असलेल्या मॉडेलमध्ये थोडी गाडी चालवून, थांबून, दोन्हींची पातळी पुन्हा पाहावी लागते. त्याच बैठकीत शाफ्टच्या जॉइंटांच्या निपलना ग्रीस मारून घ्या, नाहीतरी तुम्ही खाली आहातच.

हे सगळं कधी करायचं? मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा आहेच. पण नाले ओलांडणाऱ्या गाडीचं ऑईल पावसाळा संपता संपता उघडून पाहावंच. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा होतेच, तिच्या आधीचा रविवार या कामाला चांगला. वरचा नट काढून करंगळी आत घालायची आणि बोटाला लागलेलं ऑईल पाहायचं. स्वच्छ असेल आणि मॅन्युअलमधले किलोमीटरही भरले नसतील, तर नट परत लावा, यंदा बदलायची गरज नाही.

९. जुन्या ऑईलचं काय करायचं?

वाळवी लागू नये म्हणून ते कुंपणाच्या खांबांना आणि दारांना फासतात. चुलीत, भट्टीतही घालतात. यातलं काहीच करण्याजोगं नाही. त्यात गंधक असतं, धातूचा चुरा असतो, आणि सांडलेलं ऑईल मातीतून विहिरीपर्यंत जाऊ शकतं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवर ते पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारीही आली आहे. तुमच्यापुरतं काम सोपं आहे. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यांत जुनं भरा, झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑईल गोळा करून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजात पोचवा. त्यात डिझेल, पाणी किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं कुणी घेत नाही.

१०. पहिला आठवडा

काम झाल्यावर चारही पेट्या बाहेरून फडक्याने कोरड्या पुसा. जुना ओशटपणा राहिला, तर नवी गळती ओळखता येत नाही. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग कुठल्या पेटीखाली पडला ते पाहा. डाग नटाखाली असेल, तर नट किंचित आवळा. तरी थांबला नाही, तर वायसर बदला. डाग पिनियनच्या तोंडाशी किंवा चाकाच्या आतल्या बाजूला असेल, तर नटाशी झटापट करू नका. तिथे सील गेलेलं असतं आणि ते बसवायला शाफ्ट काढावा लागतो. ते काम मेकॅनिकचं.